वाटणीचं अक्षर

'दाटीवाटी' नावाचा एक मराठी फॉन्ट अलीकडे बऱ्याच ठिकाणी दिसतो. लग्नाच्या बॅनरवर, चिवड्याच्या पाकिटावर, मोबाइलवरच्या व्हिडिओंच्या मथळ्यांत. उंच, अरुंद, एकमेकांना खेटून उभी असलेली अक्षरं. एखादी वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर हात ठेवून असते, एखादा उकार खालून पाय लांब करून बसलेला असतो. पुण्याच्या केतकी नावाच्या मुलीने तो तयार केला आणि त्याच्यासोबत एक छोटी पुस्तिका काढली. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे की ही मूळ अक्षरं अकोल्याचे पेंटर कै. शालिकराम इंगळे यांची आहेत.

आज त्या ओळीत काही चूक नाही. पण पुस्तिका छापली तेव्हा शालिक जिवंत होता. तो वारला असं केतकीला मी सांगितलं होतं.

का सांगितलं ते पुढे येईलच. आधी शालिक कसा होता ते लिहितो, कारण पुस्तिकेत त्याच्याबद्दल त्या एका ओळीपलीकडे काही नाही.

आमचं गाव भातकुलीजवळ. शेतीत माझं मन लागेना, म्हणून मी अमरावतीला पाट्या रंगवण्याचं दुकान टाकलं. ब्रश मी कधी धरला नाही. गिऱ्हाईक आणणं, पत्रा आणणं, पाटी लावून देणं ही माझी कामं. रंगवायला शालिक होता. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं घर. सोमवारी सकाळच्या बसने यायचा, आठवडाभर दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचा आणि शनिवारी परत जायचा. मला 'वासुदेवभाऊ' म्हणायचा. मी त्याला अरे-तुरे करायचो. वयाने तो माझ्याएवढाच होता, तरी ते तसंच राहिलं.

अंगाने तो चांगलाच रुंद होता. दुकानाचं दार अरुंद, त्यामुळे आत येताना तिरपा व्हायचा. पुढे ती सवयच झाली. मोठ्या फाटकातूनही तो तिरपा होऊन जायचा. एवढा आडवा माणूस आणि अक्षर काडीसारखं, याची लोक गंमत करायचे.

"काहो शालिकराव, तुमचं अक्षर एवढं वाळलं काहून?"

"त्याच्या वाट्याचं मीच खाल्लं ना बाप्पा."

नम्रता हा प्रकार त्याच्याजवळ नव्हता. "अमरावती ते अकोला माह्यासारखा पेंटर नाई," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा. वर म्हणायचा, "त्याच्या पलीकडचं मले मालूम नाई. मी गेलोच नाई." तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असल्यामुळे हे सगळं जरा वर मान करून सांगावं लागे, त्यामुळे ते आणखीच ऐटीत वाटे.

त्याची काम करायची एक तऱ्हा होती. आपण सगळे आधी अक्षरं लिहितो आणि मग वरून रेघ ओढतो. दुसरे पेंटर खडूने जागा आखून घेतात, अक्षरं मोजतात. शालिक आधी वरची रेघ मारायचा. पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. "पयले दोरी बांधा, मंग कपडे वाळू घाला," म्हणायचा. मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगत जायचा. मोजणं नाही, आखणं नाही. जागा कमी पडू लागली की अक्षरांशी बोलू लागायचा. "सरक ना बे. तू काहून एवढा पसरून बसला? थो ग पाय ना, कसा अंग चोरून उभा हाये." मोजून घे म्हटलं तर त्याचं उत्तर ठरलेलं. "मोजून बसवलेलं अक्षर बसते, वासुदेवभाऊ. हसत नाई."

कधी कधी जागा खरंच संपायची. शालिकमुळे अकोल्याचीही कामं यायची. तिथे पुरुषोत्तम नावाच्या सायकलवाल्याची पाटी होती. पत्र्याची, खोक्यासारखी, बाजूला वीतभर कड असलेली. शालिकने नाव लिहीत नेलं आणि शेवटच्या म ला जागा उरली नाही. त्याने ब्रश न उचलता कोपरा वळवला आणि म बाजूच्या कडेवर लिहिला. पाटी लावली तेव्हा मालक खाली उभा राहून बघत राहिला.

"माहा म कुठी गेला?"

"गेला नाई. वळून पाहून राहिला. नदीकडून येनाऱ्याले पयले तोच दिसन."

मालक भांडला. पाटी उतरवा म्हणाला. मी मध्ये पडून चार-आठ दिवसांची मुदत मागून घेतली. तेवढ्या दिवसांत लोक पत्ता सांगताना 'वळलेल्या म पासून डावीकडे' असं सांगू लागले. पुढे रंग उडाला आणि पाटी पुन्हा रंगवायची वेळ आली, तेव्हा मालकानेच बजावलं, "म तथीच ठेवजो बरं."

हे अरुंद अक्षर आलं कुठून, तेही सांगतो. केतकीच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की जुन्या बाजारातल्या अरुंद दुकानांमुळे ते तयार झालं. ते खरं आहे, पण दुकानं काही आपोआप अरुंद झाली नाहीत. जुन्या शहरात राऊतांचं कापडाचं दुकान होतं. वडील वारल्यावर दोघा भावांनी मधे भिंत घातली. दोघांनाही पाटीवर वडिलांचं पूर्ण नाव हवं होतं, सखाराम पुंडलिक राऊत. आणि नावाची उंची जुन्या पाटीएवढीच हवी होती. थोरला म्हणाला, "बापाचं नाव लहान नाई करता येत. लोकं म्हनतीन, वाटनी झाली आन बाप बारका झाला." धाकटा त्याच्याशी बोलत नव्हता, पण या बाबतीत त्याचंही तेच म्हणणं होतं.

शालिकने दोघांकडे पाहिलं. "उंची तेवढीच ठेवतो," म्हणाला. "रुंदी तर तुमीच कापली."

त्या दोन पाट्यांवर ते अक्षर पहिल्यांदा आलं. नाव उंच, ताठ, पण दोन्ही बाजूंनी दाबलेलं. र चा पाय ख च्या पोटाखाली, काने एकमेकांना टेकलेले. दाबलेलं असून ते रडकं दिसत नव्हतं. जत्रेत बैलगाडीत दाटीने बसलेल्या पोरांसारखं दिसत होतं. मग आजूबाजूला ज्यांच्या ज्यांच्या वाटण्या झाल्या ते सगळे येऊ लागले. शालिक त्याला 'वाटणीचं अक्षर' म्हणायचा. राऊतांच्या पुढच्या पिढीत पुन्हा मधे भिंती आल्या, दोनाची चार दुकानं झाली आणि चारही पाट्यांवर सखाराम पुंडलिक राऊत तेवढ्याच उंचीचे उभे राहिले. त्या वेळी शालिक शिडीवरून खाली उतरून म्हणाला, "आता बस. याच्यानंतर तुमचा आजा निस्त्या काड्या होईन."

मोकळी जागा त्याला जमायची नाही. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत एका सूतगिरणीची लांबलचक भिंत आम्हाला मिळाली होती. शालिकने अख्खं नाव एका टोकाला दाटून लिहिलं आणि बाकी भिंत कोरी सोडली. मॅनेजर चिडला. शालिक म्हणाला, "एवढ्या मैदानात अक्षर एकटं पडते, साहेब." ते काम शेवटी दुसऱ्या पेंटरकडून पुरं करून घ्यावं लागलं. मी त्याला रागावलो. तो त्या दिवशी जेवला नाही आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात आला.

एकच जागा होती जिथे तो मोकळं लिहायचा. एप्रिलमध्ये त्याच्या वस्तीत जयंतीचा फलक लागायचा. तो आठवडा तो दुसऱ्या कोणाच्या कामाला हात लावत नसे. निळ्या फलकावरचं ते नाव त्याने कधी दाबून लिहिलं नाही. अक्षरं गोल, ऐसपैस, दोन अक्षरांमधून वारा जाईल अशी. मी एकदा मिरवणुकीच्या दिवशी गेलो होतो, तेव्हा पाहिलं. "हे तुझंच अक्षर का?" विचारलं. "माहंच," म्हणाला. "अथी कोनाची वाटनी नाई झाली."

ते अक्षर केतकीच्या फॉन्टमध्ये नाही. तिला ते कोणी दाखवलंच नाही.

मग फ्लेक्स आले. मी मशीन घेतलं. न घेऊन चालणार नव्हतं, सगळ्यांनी घेतलं. शालिक दुकानातच राहिला. फ्लेक्स कापायचा, लाकडी चौकटीवर ताणायचा, खिळे ठोकायचा. तक्रार केली नाही. अक्षरांशी बोलायचा तसा फ्लेक्सशी बोलताना मात्र मी त्याला ऐकलं नाही.

एकदा राऊतांच्या नातवाची ऑर्डर आली. कापडाचं दुकान बंद करून तो मोबाइल विकत होता. आजोबांच्या पाटीवरच नवा फ्लेक्स ठोकून हवा होता. दुकानात दुसरी माणसं होती, पण शनिवार होता आणि शालिक अकोल्याला जाणारच होता. सोयीचं होतं म्हणून त्यालाच सांगितलं.

"कोनत्या पाटीवर?" त्याने विचारलं.

"राऊतांच्या."

"पाटी काढून, का वरून?"

"वरूनच."

त्याने फ्लेक्सची गुंडाळी काखेत घेतली, हातोडी आणि खिळ्यांची पुडी पिशवीत टाकली आणि दारातून तिरपा होऊन बाहेर पडला. फ्लेक्स लागल्याचा नातवाचा फोन आला. सोमवारी शालिक आला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मला वाटलं, येईल. मग तसं वाटणंही थांबलं. अकोला काही लांब नाही. मधल्या वर्षांत मी कितीदा तरी अकोल्याला गेलो, लग्नांना, दवाखान्यात, एकदा तर जुन्या शहराच्या पुलापर्यंत. पुलापलीकडे गेलो नाही.

केतकीचा फोन आला तेव्हा माझ्या मुलाने दुकान विकलेलं होतं. ती जुन्या पाट्यांचे फोटो काढत अकोल्याला फिरत होती. राऊतांच्या दुकानावरचा फ्लेक्स वाऱ्याने फाटला होता आणि आतून ती अक्षरं दिसत होती. पाटीच्या कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव आणि खाली बारीक 'शालिक' असं लिहिलेलं. तिने शोधत शोधत माझा नंबर मिळवला.

"काका, हे शालिक कोण?"

मी पूर्ण नाव सांगितलं. अकोल्याचे, म्हणालो.

"ते आहेत का अजून? मला त्यांना भेटायचंय."

"वारले," मी म्हणालो.

"अरेरे. कधी?"

"झाली काही वर्षं."

मी त्या वेळी संत्रं सोलत होतो. सोलत राहिलो. बोलताना आवाज बदलला नाही. खोटं बोललो असंही त्या क्षणी वाटलं नाही. तो आहे म्हटलं असतं तर तिने पत्ता मागितला असता. पत्त्यासाठी मला त्याच्या दारात जावं लागलं असतं आणि आधी मला त्याच्याशी बोलावं लागलं असतं. एका शब्दात ते सगळं टळलं. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी बरेच दिवस शोधलं. सापडलं नाही.

पुस्तिका निघाली. तिने मला एक पाठवली. मी ती कपाटात ठेवली. मग एक दिवस दुपारी फोन आला.

"वासुदेवकाका का? मी सुजाता. शालिक पेंटरची पोरगी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आमच्या बाबाले काहून मारलं तुमी?"

ती शाळेत शिकवते. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी मोबाइलवर पुस्तिका दाखवली आणि सांत्वनही केलं. सुजाता ओरडली नाही. "ते जित्ते हायेत," एवढंच म्हणाली. "खाटेवर बसून हायेत. देऊ का फोन?"

मी म्हणालो, मीच येतो.

गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. शालिक खाटेवर बसला होता. मी त्याला ओळखलं नाही. ते सगळं रुंद अंग झडून गेलं होतं. उंची तेवढी होती.

"पाय ना," तो म्हणाला, "मीच आता वाटनीचं अक्षर झालो."

सुजाताने चहा ठेवला आणि आत निघून गेली. शालिकच्या मांडीवर ती पुस्तिका होती, त्या बाईंनी छापून आणून दिलेली. मी काहीतरी सांगू लागलो, गैरसमज झाला असं काहीतरी. त्याने हात हलवला. "मेल्यावर कसं वाटते म्हून मले लय दिवसापासून विचार होता. काई वाटत नाई, वासुदेवभाऊ. चहा तसाच लागते."

मग तो एकेका अक्षरावरून बोट फिरवू लागला. हा सायकलवाल्याचा, हा राऊतांचा. मधेच बोट थांबलं.

"हा ढ कोनं काढला?"

पाट्यांवर जी अक्षरं सापडली नाहीत ती केतकीने आपल्या अंदाजाने काढली होती. मी तसं सांगितलं.

"चांगला काढला पोरीनं. हात साफ हाये तिचा. पन हा ढ भेला. पाय, दोन्हीकून जागा सोडून बसला. तिले सांगा, टेकू दे म्हना बाजूवाल्यावर, तो काई म्हनत नाई." त्याने बोटानेच पुस्तिकेवर एक ढ काढला. बोट कापत नव्हतं. "तिनं इचारलं असतं तर मीच काढून देल्ला असता. घरीच तर होतो."

त्याने पानं उलटून पुस्तिकेचं पहिलं पान काढलं.

"ते 'कै.' तेवढं काढाले सांगा," तो म्हणाला. "सारी जिंदगी मी लोकायची जागा वाचवली. माह्याच नावामांगं फुकटची जागा काहून घालवता?"

"उद्याच सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी केतकीला फोन केला. ती आनंदात होती. कुठल्याशा प्रदर्शनात ती अक्षरं मोठी करून लावली होती आणि शालिकच्या स्मृतीसाठी म्हणून खाली फुलं ठेवली होती. मी ऐकून घेतलं. पुण्यात पाऊस आहे का, असं विचारलं आणि फोन ठेवला. नंतर आणखी एकदा केला, तेव्हाही दुसऱ्याच गोष्टी बोललो. त्यानंतर केला नाही. सुजाताने दोनदा विचारलं. मी म्हणालो, सांगितलं आहे, बदलतील.

मागच्या हिवाळ्यात शालिक गेला. कळवायला सुजाताचाच फोन आला. मी म्हणालो, मी केतकीला आजच सांगतो.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "आता बरोबरच हाये ते."

त्यानंतर मी केतकीला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मी फोटो काढत होते तेव्हा ते कुठे होते?" मी सांगितलं, त्याच गल्लीच्या मागच्या अंगाला. ती रडली असावी. नवी पुस्तिका निघेल तेव्हा काय छापायचं ते तुम्हीच लिहून द्या, म्हणाली. म्हणून हे लिहिलं. छापताना ढ बदला, एवढं तिला वेगळं कळवलं आहे.

मी भेटायला गेलो त्या दिवशी शालिक मला पोचवायला निघाला. नको म्हटलं तरी काठी घेतली. पुलाकडे जाताना राऊतांची दुकानं लागली. फाटलेला फ्लेक्स तसाच लोंबत होता. शालिक थांबला. काठीच्या टोकाने त्याने फ्लेक्सचा कोपरा वर उचलला आणि मान मागे करून बघत राहिला. सखाराम पुंडलिक राऊत आत उभे होते. रंग विटला होता, पण ताठ होते. फ्लेक्सच्या कडेने त्यानेच मारलेले खिळे गंजून काळे झाले होते.

मी खाली बघू लागलो.

"पाय ना," तो म्हणाला. "एकबी खिळा अक्षरात नाई मारला. मंधातल्या जागेत मारला."

मी वर पाहिलं. त्या अक्षरांमध्ये जागा अशी नव्हतीच. तरी प्रत्येक खिळा दोन अक्षरांच्या मधे होता. र च्या पायाला आणि ख च्या पोटाला न लागता.

"होती थोडी," शालिक म्हणाला आणि काठी खाली घेतली. फ्लेक्स पुन्हा पाटीवर पडला. "जा आता. ऑटो भरला का निंगून जाते. आन त्या पोरीले सांगजा."

ऑटोत बसल्यावर मी मागे वळून पाहिलं. तो घराकडे परत निघाला होता. दुपारची वेळ, गल्ली रिकामी होती. समोरून कोणी येत नव्हतं. तरी तो अंग चोरून, तिरपा होऊन चालत होता.